अहेरीचा आमदार तिसऱ्या नंबरवाला ठरवतो

नागपूरला राज्यशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. अहेरी विधानसभा मतदारसंघात पहिला आत्राम, दुसरा आत्राम आणि बहुतेक वेळा तिसराही आत्राम. मग तिथल्या निवडणुकीत अभ्यासण्यासारखे उरतेच काय, घराणेशाही म्हटले की विषय संपत नाही का? त्याला जोडून दुसरा प्रश्न: एवढ्या मोठ्या मतदारसंघाचा भूगोल निकालावर खरेच परिणाम करतो, की ते नुसते भाषणात म्हणायचे?

दुसऱ्या प्रश्नात पहिल्याचे उत्तर आहे, म्हणून सुरुवात तिथून करतो. माझी नोकरी महसूल खात्यातली, त्यातली बरीच वर्षे दक्षिण गडचिरोलीत गेली आणि निवडणूक शाखा कधी सुटली नाही. निवृत्तीनंतर केंद्रनिहाय आकडे मांडून बसायचा नाद लागला. पुढचे मत त्या आकड्यांवरून बनलेले आहे.

अहेरी हा विधानसभेचा ६९ क्रमांकाचा मतदारसंघ, अनुसूचित जमातींसाठी राखीव. अहेरी, सिरोंचा, भामरागड, एटापल्ली आणि मुलचेरा हे पाच तालुके त्यात येतात. मतदार अडीच लाखांच्या आसपास, मतदान केंद्रे तीनशेच्या घरात. पुण्या-मुंबईत एवढे मतदार चार-सहा वॉर्डांत सापडतील. इथे ते गडचिरोली जिल्ह्याच्या अख्ख्या दक्षिण भागात, जंगलात, नदीकाठाने आणि डोंगरात विखुरलेले आहेत. लोकसभेला हाच मतदारसंघ गडचिरोली-चिमूरमध्ये जातो. त्याचे एक टोक गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावला आणि दुसरे गोदावरीच्या काठावर सिरोंच्याला. एका खासदाराने दोन्ही टोकांना एकाच दिवशी सभा घेऊन दाखवावी, हे आव्हान आमच्या कचेरीत गमतीने दिले जायचे.

आता नकाशा उघडा. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एक होतात आणि तिथून प्राणहिता सुरू होते. प्राणहिता तेलंगणाची सीमा धरून खाली येते, अहेरीला वळसा घालते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. पलीकडच्या तीरावर कालेश्वरम. पुढे गोदावरी सीमा होते, आणि सोमनूरला छत्तीसगडकडून आलेली इंद्रावती तिला येऊन मिळते. वर भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी यांचा संगम. म्हणजे पश्चिमेला आणि दक्षिणेला पाणी, पूर्वेला छत्तीसगडमधल्या अबुझमाडचे डोंगर, आणि बाकीच्या महाराष्ट्राकडे जायला खरा रस्ता एकच, उत्तरेला आष्टीमार्गे. आलापल्लीच्या चौकात उभे राहिले की मतदारसंघाचा आराखडा कळतो. एक फाटा एटापल्लीला जातो, एक पेरमिली-ताडगाव-हेमलकसामार्गे भामरागडला, एक जिमलगट्टा-बामणीवरून सिरोंच्याला, आणि एक दोन कोसांवरच्या अहेरीला. या फाट्यांची टोके एकमेकांना सरळ जोडलेली नाहीत. एटापल्लीच्या उमेदवाराला सिरोंच्यात जायचे तर आधी आलापल्लीला यावे लागते. आलापल्ली-सिरोंचा हा शंभरेक किलोमीटरचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३५३-सी म्हणून कागदावर आहे. पावसाळ्यानंतर त्याची जी गत होते, त्यावर त्या पट्ट्यातली प्रत्येक प्रचारसभा सुरू होते आणि संपतेही.

पाच तालुके पाच स्वभावांचे आहेत. सिरोंचा हा तेलुगू बोलणारा, कापूस आणि मिरचीचा नदीपट्टा. असरअल्ली, अंकिसा या बाजूच्या लोकांचे सोयरेधायरे नदीपल्याड, दवाखाना वरंगलचा. सिरोंच्याहून वरंगल गडचिरोलीपेक्षा जवळ आहे. याच तालुक्यात झिंगानूरकडे वळलात की पुन्हा जंगल आणि माडिया या आदिवासी जमातीची गावे. अहेरी-आलापल्ली म्हणजे बाजारपेठ, कचेऱ्या, लाकूड डेपो, राजवाडा. मुलचेरा हा धानाचा पट्टा, आणि तिथे १९६० च्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची गावे वसवली गेली. सुंदरनगर, विवेकानंदपूर अशी नावे वाचली की आपण गडचिरोलीत आहोत की बंगालच्या चोवीस परगण्यात असे वाटते. एटापल्ली आणि भामरागड हा माडियांचा मुलूख. वस्ती विरळ, मोह-तेंदूवर वर्षाची गुजराण, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड दोन-दोन दिवस जगापासून तुटते.

या विभागणीचा अर्थ असा की अहेरीत एक मतदारसंघ नाही, पाच आहेत, आणि प्रत्येकात कोणाची तरी घट्ट पकड आहे. एका पट्ट्यात लाट उठली तरी ती दुसऱ्यात पोहोचत नाही. भाषा वेगळी, बाजार वेगळा, आणि आलापल्लीच्या पलीकडची बातमी यायलाच चार दिवस लागत. मोबाइल आले तरी जंगलपट्टीत रेंज शोधायला टेकडी चढावी लागते, हे गेल्या निवडणुकीपर्यंत पाहिले आहे.

म्हणूनच मी त्या विद्यार्थ्याला सांगेन, जिंकणाऱ्याचे आडनाव पाहू नका, त्याची मते पहा. २०१४ मध्ये भाजपचे राजे अम्ब्रिशराव आत्राम निवडून आले, सुमारे ५६ हजार मते घेऊन. २०१९ मध्ये राष्ट्रवादीचे धर्मरावबाबा आत्राम आले, सुमारे ६० हजारांवर. २०२४ मध्ये धर्मरावबाबाच पुन्हा आले, या वेळी अजित पवारांच्या राष्ट्रवादीतून, सुमारे ५४ हजारांवर. दहा वर्षांत मतदार वाढले, मतदान वाढले, विजेत्याची मते मात्र त्याच खुंटीला बांधलेली. २०२४ मध्ये तर झालेल्या मतदानाचा तिसरा हिस्साही विजेत्याला मिळालेला नाही.

आता दुसरा आणि तिसरा बघा. २०१४ ला दुसरे धर्मरावबाबा, ३६ हजारांच्या वर. तिसरे दीपक आत्राम, ३३ हजारांच्या वर. बेरीज ७० हजारांच्या आसपास, म्हणजे विजेत्यापेक्षा बरीच जास्त. २०१९ ला दुसरे अम्ब्रिशराव ४४ हजारांवर आणि तिसरे दीपक आत्राम त्यांच्या पाठोपाठ ४३ हजारांवर. बेरीज ८७ हजार, विजेता ६० हजार. २०२४ ला भाजपचे तिकीट युतीत न मिळाल्याने अपक्ष उभे राहिलेले अम्ब्रिशराव ३७ हजारांवर, शरद पवारांच्या राष्ट्रवादीच्या भाग्यश्री आत्राम ३५ हजारांवर. त्यातच काँग्रेसच्या बंडखोरानेही मोठा वाटा उचलला. तिन्ही निवडणुकांत फरक १५ ते २० हजारांच्या घरातला. वर्तमानपत्रांनी प्रत्येक वेळी ‘दणदणीत विजय’ छापले. आकड्यांकडे पाहिले तर प्रत्येक वेळी विजेत्याच्या विरोधातली मते त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त होती, फक्त ती दोन-तीन पेट्यांत वाटली गेली होती.

म्हणून अहेरीच्या निवडणुकीत तिसऱ्या नंबरवर कोण राहणार आणि तो किती मते नेणार, हा खरा प्रश्न असतो. पहिल्याची मते आपल्या पट्ट्यात जवळजवळ ठरलेली असतात. तिसरा कोणत्या पट्ट्यात उभा राहिला, त्यावर दुसऱ्याचे भवितव्य ठरते. जाणकार कार्यकर्ते उमेदवारी अर्ज मागे घेण्याच्या दिवशीच निकाल सांगतात, तो याच हिशेबावर. मतमोजणीच्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर फारसे आश्चर्य नसते.

घराणेशाहीचा भाग मी नाकारत नाही, पण तो जसा वाटतो तसा नाही. आत्राम राजघराण्याची अहेरी जमीनदारी ही इंग्रजांच्या काळात चांदा (आजचे चंद्रपूर) जिल्ह्यातली सर्वांत मोठी जमीनदारी. १८५८ चा बाबुराव शेडमाकेंचा उठाव याच मुलखातला. मोलमपल्लीच्या या तरुण जमीनदाराला पकडून इंग्रजांच्या हवाली करण्यात अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंचा हात होता, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात शेडमाकेंना फाशी झाली. हा इतिहास इकडे कोणी विसरलेले नाही. तरी राजवाड्याविषयीचा आदर टिकला, तो वेगळ्या कारणाने. गावांचे पाटील, पुजारी, भूमिया यांचे नाते राजवाड्याशी पिढ्यान्‌पिढ्या होते. जमीनदारी कायद्याने गेली, तरी अहेरीच्या दसऱ्याला लांबलांबची गावे येत राहिली. २००९, २०१४, २०१९ या तिन्ही वेळी मतदान ऑक्टोबरात, म्हणजे दसऱ्याच्या मागोमाग होते. आचारसंहितेच्या काळात राजवाड्यावरच्या सोहळ्याचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरायचा की नाही, यावर निवडणूक शाखेत जी चर्चा व्हायची, ती ऐकण्यासारखी असे.

राजवाडा एकजूट कधीच नव्हता. राजे विश्वेश्वरराव आत्राम १९७७ मध्ये चंद्रपूरहून लोकसभेवर गेले, काँग्रेसच्या विरोधात. स्वतंत्र विदर्भासाठी त्यांनी नाग विदर्भ आंदोलन समिती चालवली, आणि १९९५ मध्ये याच समितीच्या तिकिटावर सत्यवानराव आत्राम इथून विधानसभेत पोहोचले. धर्मरावबाबा सत्यवानरावांचे भाऊबंद, पण राजकारण काँग्रेसचे, पुढे राष्ट्रवादीचे. सत्यवानरावांचे चिरंजीव अम्ब्रिशराव भाजपकडून आले, म्हणून लढत काका-पुतण्यांची झाली. आणि दीपक आत्राम? ते राजघराण्यातले नाहीत. आदिवासी विद्यार्थी संघटनेतून, म्हणजे लोक ज्याला ‘आविस’ म्हणतात त्यातून, ते वर आले आणि २००९ मध्ये अपक्ष म्हणून निवडून आले. आत्राम हे गोंड समाजातले सर्रास आढळणारे आडनाव आहे. राजवाड्यातला आणि राजवाड्याबाहेरचा आत्राम हा फरक नागपूरच्या पत्रकाराला दिसत नाही, गावातल्या म्हाताऱ्याला दुरून कळतो. गावात आडनाव कोणी घेतही नाही. ‘राजे’, ‘बाबा’, ‘दादा’, आणि आता ‘ताई’, एवढ्यात सगळे उमेदवार ओळखले जातात.

मतपत्रिकेवर मात्र हेच आडनाव अडचणीचे. यंत्राला चिकटवायच्या कागदावर आत्राम, आत्राम, आत्राम असे एकाखाली एक यायचे, आणि कोणाला आपला उमेदवार सापडायचा नाही. २०१५ पासून उमेदवाराचा फोटो मतपत्रिकेवर येऊ लागला. देशभर या बदलाची फारशी चर्चा झाली नाही, पण अहेरीसारख्या ठिकाणी तो सोयीचा ठरला.

२००९ पासूनचे चारही निकाल एकत्र पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. दीपक आत्राम २००९ ला आले, २०१४ ला गेले. अम्ब्रिशराव २०१४ ला आले, आदिवासी विकास खात्याचे राज्यमंत्री आणि जिल्ह्याचे पालकमंत्री झाले, २०१९ ला गेले. बसलेला आमदार पुन्हा निवडून येण्याची पहिली वेळ २०२४ मधली. एवढ्या ‘घराणेशाही’च्या मतदारसंघात मतदार दर पाच वर्षांनी माणूस बदलत होते, हे टीकाकारांनी लक्षात घ्यायला हवे. काँग्रेसचा पंजा तर ‘अहेरी’ या नावाने झालेल्या चारपैकी एकाही निवडणुकीत जिंकलेला नाही.

‘अहेरी’ या नावाने असे मुद्दाम म्हटले, कारण त्याआधी हा मतदारसंघ सिरोंचा म्हणून ओळखला जायचा. सिरोंचा एकेकाळी इंग्रजांच्या अपर गोदावरी जिल्ह्याचे मुख्यालय होते. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला आणि सिरोंचा चांद्याची तहसील झाली. अहेरी जमीनदारीचा मुलूख पुढे याच तहसिलीत होता, म्हणून मतदारसंघालाही तेच नाव पडले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, पुढे नवे तालुके आले, आणि २००८ च्या पुनर्रचनेत नाव अहेरी झाले. सिरोंच्याच्या लोकांना हे आजही टोचते. जुने आकडे शोधताना हे लक्षात ठेवा, नाहीतर २००९ च्या आधी अहेरी नावाचा मतदारसंघच सापडणार नाही आणि प्रबंधात ‘नवनिर्मित मतदारसंघ’ असे छापून बसाल.

आता नक्षलवाद. त्याच्याशिवाय इथल्या निवडणुकांचा हिशेब लागत नाही, पण बाहेरचे लोक त्याला जेवढे वजन देतात तेवढे देऊ नये असे माझे मत आहे. १९८० मध्ये पलीकडच्या आंध्रातून प्राणहिता ओलांडून पहिली दलमे, म्हणजे सशस्त्र तुकड्या, सिरोंच्यात आली. १९९१ मध्ये आमदार असलेल्या धर्मरावबाबांचेच नक्षल्यांनी अपहरण केले आणि शिवण्णा नावाच्या नक्षली नेत्याच्या सुटकेच्या बदल्यात त्यांना सोडले. त्या घटनेनंतर आतल्या गावांत उमेदवार स्वतः जाणे जवळजवळ थांबले. प्रचार मधल्या माणसांमार्फत होऊ लागला. तेंदूपत्त्याचे ठेकेदार, कोतवाल, सरपंच, आश्रमशाळेतले ओळखीचे. पट्टे अधिक घट्ट होण्याचे हे एक मोठे कारण, असे मला वाटते. ज्याचा मधला माणूस पक्का, त्याचा पट्टा पक्का. ८ ऑक्टोबर २००९ रोजी, मतदानाला पाच दिवस उरले असताना, भामरागड तालुक्यातल्या लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. त्या वेळी मतदान पथकांना आत पाठवणे म्हणजे काय, हे त्या आठवड्यात अहेरीत असलेल्या कोणालाही विचारा.

पथकांचे काम जवळून सांगतो, कारण निकालात त्याचा वाटा आहे. इतरत्र मतदान सकाळी सात ते संध्याकाळी सहा. इथे सात ते तीन. मतदानाच्या दोन-तीन दिवस आधीपासून हेलिकॉप्टरच्या फेऱ्या सुरू होतात. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी अशी मंडळी यंत्राची पेटी मांडीवर धरून बसलेली असतात, बाजूला व्हीव्हीपॅटचा खोका, खाली चादरीची गाठोडी. हेलिकॉप्टर पोलीस ठाण्याच्या किंवा मदत केंद्राच्या मैदानात उतरवते. रात्र तिथेच, पोलिसांच्या मेसमधला डाळ-भात खाऊन. पहाटे अंधारात जवानांच्या पुढे-मागे राहून केंद्रापर्यंत पायी. सामानाची यादी दहा वेळा तपासायची, कारण शाईची बाटली विसरली तर आणायला परत फिरता येत नाही. तीन वाजता यंत्र बंद केले, १७-सी (झालेल्या मतांच्या हिशेबाचा नमुना) भरला, पोलिंग एजंट असलाच तर त्याला प्रत दिली, की लगेच निघायचे. अंधार पडायच्या आत बेस कॅम्प गाठायचा. पोलिंग एजंट ‘असलाच तर’ म्हणालो, कारण आतल्या केंद्रांवर अनेकदा कोणत्याही उमेदवाराचा एजंट नसतो.

तीनला केंद्र बंद होणार हे गावाला माहीत असते, म्हणून मतदान सकाळीच होते, तेही घोळक्याने. बायका एकत्र येतात, रांगेत बसतात, एकत्र जातात. शहरी मतदानात शेवटच्या दोन तासांत कल फिरवता येतो, उमेदवाराचे लोक घरोघर जाऊन माणसे काढतात. इथे ती संधी नाही. गावाने काय करायचे ते आदल्या रात्री ठरलेले असते. बहिष्काराची पत्रके झाडांना लागत राहिली, बोटाला लागलेल्या शाईची भीतीही होती, तरीही २०२४ ला गडचिरोली जिल्ह्याचे मतदान पंच्याहत्तर टक्क्यांच्या घरात गेले. मुंबईच्या तुलनेत तर हे लाजवणारेच आहे.

एक गोष्ट मात्र अभ्यासकांच्या नजरेतून नेहमी सुटते. सुरक्षेसाठी मतदान केंद्र एका गावातून दुसऱ्या गावात, ठाण्याजवळ हलवले जाते. कागदावर ती एक ओळ असते. गावकऱ्यांसाठी ते आठ-दहा किलोमीटर चालणे असते, नाल्यात पाणी असेल तर त्याहून जास्त. अशा केंद्राची टक्केवारी घसरली तर तो बहिष्कार समजू नका. आधी केंद्र कुठे होते आणि कुठे नेले ते पहा.

आता राखीव जागेची गुंतागुंत. उमेदवार आदिवासीच असला पाहिजे, मतदार सगळे. सिरोंच्याचा तेलुगू शेतकरी, मुलचेऱ्याचा बंगाली, अहेरी-आलापल्लीचा व्यापारी, यांच्यापैकी कोणी आमदारकीला उभा राहू शकत नाही, पण कोणता आत्राम निवडून येणार ते यांच्याशिवाय ठरत नाही. त्यामुळे हा गट मतदान करताना आपले प्रश्न उमेदवाराच्या गळ्यात बांधतो. बंगाली समाजातल्या नमशूद्रांना पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीचा दर्जा आहे, महाराष्ट्रात नाही. प्रत्येक निवडणुकीत हे आश्वासन मिळते. ओबीसींचा राग नोकरीतल्या आरक्षणाचा. गडचिरोली जिल्ह्यात ते १९ वरून ६ टक्क्यांवर आणले गेले होते, आणि पुढे पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) लागू असलेल्या गावांतल्या काही पदांवर फक्त आदिवासी उमेदवार अशी अधिसूचना निघाली. २०१४ ला शेजारच्या गडचिरोली मतदारसंघात ‘नोटा’ला १७ हजारांवर मते पडली, ती याच रागातून. नंतर हे आरक्षण १७ टक्क्यांपर्यंत वाढवले गेले, तरी खदखद पूर्ण गेलेली नाही. दुसरीकडे आदिवासी मतदाराची तक्रार अशी की आमदार आपला, आणि आजूबाजूला फिरणारे सगळे दुसरे. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे.

सिरोंच्याचा वेगळा राग म्हणजे मेडीगड्डा. तेलंगणाने कालेश्वरम प्रकल्पात गोदावरीवर बांधलेल्या या बंधाऱ्याचे उद्घाटन जून २०१९ मध्ये झाले. पाणी तेलंगणाच्या शेतात आणि बॅकवॉटर सिरोंच्याच्या शेतात, अशी इकडची भावना. जुलै २०२२ च्या पुरात नदीकाठची गावे रिकामी करावी लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे खांब खचले, पण भूसंपादनाच्या मोबदल्याचा वाद तसाच राहिला. २०१९ नंतरच्या प्रत्येक निवडणुकीत नदीपट्ट्यातल्या सभेत हा विषय निघतो. भामरागडला मात्र कोणाला मेडीगड्डा कुठे आहे हेही ठाऊक नसते.

एटापल्लीचा विषय सुरजागडची लोहखाण. २०१६ च्या डिसेंबरात तिथे सुमारे ८० वाहने जाळली गेली. २०२१ पासून उत्खनन जोरात सुरू झाले आणि एटापल्ली-आलापल्ली-आष्टी रस्त्यावर लाल धुळीचे ट्रक लागले. रोजगार आला, अपघात आले. ज्या डोंगरावर खाण आहे तिथे ठाकूरदेव आहे, दरवर्षी यात्रा भरते. धर्मरावबाबांनी प्रकल्पाची बाजू उघड घेतली. इथेही भूगोल आडवा येतो. खाण एटापल्ली तालुक्यात, म्हणजे अहेरी मतदारसंघात. लोखंडाचा कारखाना कोनसरीला, चामोर्शी तालुक्यात, म्हणजे गडचिरोली मतदारसंघात. माती इकडची, चिमणी तिकडची. या एका ओळीवर एटापल्लीत बराच प्रचार झाला आहे.

२०२४ ची निवडणूक घरातली होती हे खरे. सप्टेंबरात धर्मरावबाबांची लेक भाग्यश्री शरद पवारांच्या पक्षात जायला निघाली आणि वडिलांनी जाहीर सभेत लेकीला आणि जावयाला प्राणहितेत फेकून द्या अशा अर्थाचे उद्गार काढले. वाहिन्यांना महिनाभर पुरेल एवढा मसाला मिळाला. प्रत्यक्षात भाग्यश्रीताईंनी घरचीच मते फोडली का? मला तसे वाटत नाही. काँग्रेसचे मतदार आणि राजे अम्ब्रिशरावांवर नाराज असलेले, अशी दोन्हीकडची मते त्यांच्याकडे सरकली असावीत. ताई उभ्या राहिल्या नसत्या तर लढत सरळ काका-पुतण्यांची झाली असती आणि १६-१७ हजारांचा फरक टिकला असता की नाही, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

पुढचे काय, असेही विचारले आहे. १ जानेवारी २०२५ ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाड्याच्या रस्त्यावर एसटी सुरू केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. म्हणजे पुढच्या विधानसभेला उमेदवार एटापल्ली-भामरागडच्या आतल्या गावांत स्वतः जाऊ शकतील. मधल्या माणसाचे महत्त्व कमी झाले तर ५५-६० हजारांची खुंटी हलू शकते, आणि एखादा उमेदवार पाचही पट्ट्यांत मते घेऊ लागला तर तिसऱ्या नंबरवाल्याचा खेळ संपेल. राजवाड्याबाहेरचा, माडिया भाषा बोलणारा तरुण उमेदवार पुढे आला तर मला नवल वाटणार नाही.

प्रबंधासाठी व्यवहारातले एकच सांगतो. तालुकावार बेरजा घेऊ नका. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर प्रत्येक निवडणुकीचा नमुना २० मिळतो, त्यात प्रत्येक केंद्रावर कोणाला किती मते पडली ते असते. ती केंद्रे महसूल मंडळांनुसार लावा, कारण सिरोंचा तालुक्यातच अंकिसा एक सांगेल आणि झिंगानूर दुसरे. २०१४ आणि २०१९ ची केंद्रे जुळवताना केंद्र हलले आहे का ते आधी बघा. आणि अहेरी स्वतंत्र जिल्हा व्हावा, ही जुनी मागणी मान्य झाली तर मतदारसंघ बदलेल का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. नाही. अपर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय अहेरीत आजही आहे, उद्या जिल्हाधिकारीही बसतील, पण विधानसभेच्या सीमा घटनेनुसार २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेल्या आहेत. त्यानंतरच्या पुनर्रचनेत लोकसंख्या कमी भरते म्हणून चामोर्शीची काही गावे इकडे जोडली गेली तर मुलचेऱ्याच्या बंगाली मतांना शेजारची बंगाली गावे मिळतील, आणि सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल.